पावसाळी पाण्यात कयाकिंग : चौघांपैकी एकाचा रोल कच्चा आहे, त्याला न्यायचं का?

येऊरकर :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, तिघं ठाण्यात आणि एक कोपरखैरण्याला. कोलाडच्या कुंडलिकेवर राफ्टिंगने सुरुवात झाली, मग सात-आठ जणांत बसून गाईड ओरडेल तसं वल्हं मारण्यापेक्षा आपली स्वतःची बोट हवी असं वाटायला लागलं आणि त्यातून कयाक. ऋषिकेशला शिकलो, हिवाळ्यात गंगेवर जातो, जमेल तसं कोलाडला. आता या पावसाळ्यात केरळात कोडेंचेरीला जायचं घाटतंय. कोझिकोड जिल्ह्यात, वायनाडच्या घाटाखाली. तिथे चालीपुझा आणि इरुवंजीपुझा या दोन नद्यांवर २०१३ पासून पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, देशोदेशीचे कयाकर येतात. आम्हाला स्पर्धेत उतरायचं नाहीये. ती गर्दी सरली की तिथलाच गाईड घेऊन आपल्या गतीने एक पट्टा करायचाय.

हे पाणी गंगेसारखं नाही. गंगा रुंद आणि खोल, रॅपिड (खळाळता उतार) संपला की खाली लांब संथ पाणी, उलटलात तरी पोहत काठाला यायला वेळ मिळतो. इथे डोंगरातून उतरणारा अरुंद प्रवाह, दोन्हीकडे दगड, एक उडी, म्हणजे पाणी एकदम खाली पडतं ती जागा, संपते न संपते तोच पुढची. पाणी भरलेलं असेल तेव्हा ग्रेड ४ (१ सगळ्यात सोपं, ६ सगळ्यात अवघड) धरून चला असं आम्हाला सांगितलंय.

आता मुद्दा. तिघांचा रोल पक्का आहे. चौथ्याचा कधी बसतो, कधी नाही. आणि हा चौथा म्हणजे ज्याने आम्हा सगळ्यांना या नादाला लावलं तोच! त्याला सोडून जायची कल्पनाच सहन होत नाही, आणि घेऊन गेलो आणि काही झालं तर त्याच्या घरच्यांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहणार. आमच्यात दोन तट पडलेत. ज्यांनी अशा पाण्यात बोट घातलीये किंवा ज्यांना नदी कळते त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पाचपाखाडी_पोस्ट :
विषय एकदम नवा, वाचतोय. पण रोल म्हणजे नक्की काय ते कोणीतरी आमच्यासारख्यांना समजेल असं सांगा.

वल्हेकरी :
मी सांगतो. कयाकमध्ये आपण कमरेपर्यंत आत बसलेलो असतो. कमरेभोवती एक स्कर्ट असतो, त्याची कड बोटीच्या तोंडावर ताणून बसवायची म्हणजे पाणी आत येत नाही. बोट उलटली की डोकं पाण्याखाली आणि पाय बोटीत. मग मार्ग दोनच. एक, स्कर्टच्या पुढचा पट्टा ओढून बोटीतून बाहेर पडायचं आणि पोहायचं. दुसरा, उलटं असतानाच वल्हं पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून कमरेच्या झटक्याने बोट सुलटी करायची. हा दुसरा म्हणजे रोल. सगळी मेख डोक्यात आहे. श्वास हवा म्हणून माणूस आधी डोकं वर काढायला जातो आणि बोट परत उलटते. आधी बोट, मग अंग, डोकं सगळ्यात शेवटी. तरणतलावात हे सहज जमतं, पांढऱ्या फेसात कुठलं वर कुठलं खाली तेच कळत नाही तेव्हा जमलं तर तो खरा रोल.

येऊरकर, तुम्ही गंगेचा आणि या पाण्याचा फरक बरोबर सांगितलात. अजून एक भर घालतो. गंगेत उलटलात तर खाली खोल पाणी असतं. अरुंद उथळ प्रवाहात उलटलात की डोक्याखाली दगड. म्हणून तिथे उलटल्याबरोबर पुढे वाकून तोंड बोटीच्या छपराला चिकटवायचं, मार हेल्मेट आणि जॅकेटवर बसू द्यायचा आणि रोलचा प्रयत्न त्याच स्थितीतून करायचा. मागे रेलून रोल करायची सवय असेल तर चेहरा उघडा पडतो. तुमच्या चौथ्या मित्राचा रोल कसा आहे, पुढे वाकून की मागे रेलून? हे आधी बघा.

मनीषा_ऐरोली :
माझा पोहण्याशी संबंध फक्त मुलाला क्लासला सोडण्यापुरता, तरी राहवत नाही म्हणून लिहितेय. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. ती माणसं नुसती पाण्यात उभी होती. दरवर्षी ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदी घालतात ते उगाच का? आणि तुम्ही मुद्दाम पावसाळ्यातच जाणार, तेही बोट उलटणार हे गृहीत धरून. चौथ्याचं सोडा, बाकी तिघांनी तरी का जावं?

वल्हेकरी :
मनीषाताई, तुमची काळजी रास्त आहे आणि भुशीचं उदाहरणही इथे लागू आहे, फक्त ते काय शिकवतं ते बघा. तिथे ती माणसं प्रवाहाच्या मधोमध उभी होती आणि वरून पाणी वाढलं. नदीच्या शाळेत पहिल्याच दिवशी सांगतात की वाहत्या पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल असेल तिथे उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागचं पाणी माणसाला पुढे दाबून धरतं, मग कंबरभर पाणीसुद्धा जीव घेतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात रांजणखळगे असतात तिथे तर हा धोका फार. वाहून जायची वेळ आली तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाशी, आणि संथ पाणी दिसलं की पालथं होऊन जोर लावून काठाकडे पोहायचं. हे धबधब्यावर भिजायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं असं माझं कळकळीचं मत आहे, कयाकशी संबंध असो नसो.

पावसाळाच का, तर त्या ओढ्यांना पाणी तेव्हाच असतं.

निवांत_कोपरी :
मला एक कळत नाही. ज्या मित्राने तुम्हाला वल्हं धरायला शिकवलं त्याला घरी ठेवून तुम्ही तिघं जाणार आणि मग तो ग्रुपवर तुमचे फोटो बघणार? जायचं तर चौघांनी, नाहीतर चौघांनीही नाही. पुढच्या वर्षी जा. नदी कुठे पळून जातेय.

पाचपाखाडी_पोस्ट :
+१ निवांत

सीवूड्स_सायकलवाली :
निवांत, मला नाही पटत. आमच्या सायकल ग्रुपमध्ये घाट चढवत नाही म्हणून कोणाला वगळत नाही, पण तिथे दमलं तर माणूस टेम्पोत बसतो. इथे टेम्पो नाहीये. आणि "चौघं नाहीतर कोणीच नाही" म्हटलं की त्या चौथ्यावर किती ओझं येतं याचा विचार करा. आपल्यामुळे सगळ्यांचं रद्द होतंय म्हणून तो नको असताना हो म्हणेल.

रोहेकर_वाशीत :
मूळ प्रश्नावर मला बोलता येणार नाही पण कुंडलिकेचं नाव निघालंय तर गाववाला म्हणून चार ओळी. लोकांना वाटतं कुंडलिका उन्हाळ्यातही कशी खळाळते. ते पाणी मुळशीचं. मुळशी धरण मुळा नदीवर, म्हणजे ते पाणी खरं तर भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचं. ते घाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि वीज करून झाली की ते कुंडलिकेत येतं, तिथून अरबी समुद्राला. वीजघर चालतं तेव्हा नदीला पाणी, म्हणूनच कोलाडची राफ्टिंग सकाळी ठरल्या वेळेला निघते. उशीर झाला तर नदी तुमच्यासाठी थांबत नाही.

आजोळ_मुळशी :
रोहेकर, तुम्ही मुळशी म्हणालात आणि हात शिवशिवले. माझ्या आईचं आजोळ त्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, धरण तरी झालंच. आमच्या घरी आजही तिकडच्या आंबेमोहोर भाताच्या खाचरांची आठवण निघते. कोलाडला बोटीत बसणाऱ्यांनी मजा जरूर करावी, माझी मुलंही करतात, मी त्यांना निघायच्या आधी हे पाणी कुठून येतं ते सांगतेच.

येऊरकर :
आजोळ_मुळशी ताई, मनापासून आभार. इतक्या वेळा त्या पाण्यात उतरलो पण सत्याग्रहाचं हे नातं माहीत नव्हतं.

वल्हेकरी दादा, त्याचा रोल मागे रेलून संपतो. तुम्ही म्हणालात तसाच.

फिजिओ_वाशी :
खांद्यावर लिहिते, कारण माझ्याकडे अशी मंडळी येतात. या खेळात सगळ्यात नेहमीची मोठी दुखापत म्हणजे खांदा निखळणं. हात डोक्याच्या वर आणि मागे गेलेला असतो, वल्हं पाण्यात अडकतं, शरीर पुढे जातं आणि सांधा सुटतो. कोपरं खाली आणि हात छातीच्या पुढे, एवढी एक सवय लागली तर बरंच टळतं. कच्चा रोल असलेला माणूस घाबरून हाताच्या ताकदीने वर यायला बघतो, कंबर वापरत नाही, म्हणून त्याचा खांदा जास्त धोक्यात. मागे रेलून येणाऱ्याचाही. आणि एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता बरीच वाढते हे लक्षात ठेवा. अजून एक, अंगावर खरचटलं असेल तर पावसाळी पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. परत आल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही वाटलं तर डॉक्टरांना पाण्यात होतो हे आधी सांगा. जाण्यापूर्वी गोळी घ्यायची का हेही त्यांनाच विचारा.

वल्हेकरी :
फिजिओताई, लाखाची गोष्ट.

येऊरकर, मी परवापासून तुमच्या पोस्टचा विचार करतोय आणि मला वाटतं तुम्ही प्रश्न चुकीच्या माणसाबद्दल विचारताय. सगळा धागा चौथ्याचा रोल या एका गोष्टीवर चाललाय. माझा प्रश्न तुम्हा तिघांना आहे. तुमच्यापैकी कोणाला दोर टाकता येतो?

दोर म्हणजे थ्रो बॅग, पंधरा ते वीस मीटर तरंगणारा दोर पिशवीत भरलेला. काठावर उभं राहून, पोहणाऱ्याला हाक मारून, त्याने बघितल्यावर, त्याच्या छातीवर पडेल असा टाकायचा. संधी एकच मिळते, फार तर दोन, कारण खाली पुढची उडी आहे. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही. माणसाने पकडला की प्रचंड ओढ बसते, तेव्हा खाली बसून पाय रोवायचे किंवा मागून दुसऱ्याने तुमचं जॅकेट धरायचं. पकडणाऱ्याने उताणं होऊन दोर खांद्यावरून घ्यायचा म्हणजे तोंडावर पाणी येत नाही आणि तो आपोआप झुलत काठाला लागतो. पोहणारा जिथे लागेल ती जागासुद्धा आधी बघून ठेवायची. दोर टाकला आणि माणूस झुलत जाऊन झाडाच्या फांद्यांत अडकला तर दोर न टाकलेला बरा. पाण्यात पडलेलं झाड हा दगडापेक्षा वाईट शत्रू, पाणी आरपार जातं आणि माणूस चाळणीसारखा अडकतो.

ग्रेड ४ म्हणजे लाटा मोठ्या एवढंच नाही. त्या पाण्यात स्वतःला वाचवणं अवघड असतं, साथीदारांची मदत लागते, आणि ती मदत सरावाची असावी लागते. म्हणजे तुमच्या तिघांचे तीन पक्के रोल मिळूनही टोळी होत नाही. ज्या दिवशी तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्याची बोट दगडावर आडवी चिकटेल त्या दिवशी त्याचा रोल काही कामाचा नाही, काठावर कोण आहे तेच कामाचं.

जांभळीनाका :
आमच्या ठाण्यात हे समजायला दहीहंडी बघितलेली पुरे. वरच्या पोराचं नाव होतं, पण पथक ठरतं ते तळाच्या थरावर आणि सभोवती हात वर करून झेलायला उभे असलेल्यांवर. वल्हेकरींचं शंभर टक्के पटलं.

सांडवा_काका :
पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, आता घणसोलीला मुलाकडे असतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पाण्याचा जोर. पेपरात येतं ना, अमुक हजार क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे ३०० क्युसेकचा एखादा ओढा, जो आमच्या हिशोबात किरकोळ, तो सेकंदाला साडेआठ टन पाणी तुमच्या अंगावर आणतो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे "काल इथूनच गेलो होतो" याला पावसाळ्यात अर्थ नाही, रात्रीत ती नदी दुसरी झालेली असते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की वर कुठेतरी पाऊस झालाय. डोक्यावर ऊन असलं तरी. काठावरच्या एका दगडावर खूण धरून ठेवा आणि थांबाल तेव्हा बघत जा.

दुसरी गोष्ट बंधारे. हे मात्र कान देऊन ऐका, कारण केरळात न जाता इथेच कोकणातल्या नदीत बोट घालणारे पण हा धागा वाचत असतील. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी एकसारखं गुळगुळीत पडतं, बघायला अगदी निरुपद्रवी. पण पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि पडलेली वस्तू परत परत भिंतीकडे ओढतं. नैसर्गिक धबधब्याखाली कुठेतरी फट असते, कडेला वाट असते. बंधाऱ्याखाली या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा उलटा प्रवाह, बाजूला भिंती. परदेशात याला बुडवण्याचं यंत्र म्हणतात ते खरंच आहे. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (गाळे बंद करायच्या फळ्या) पावसाळ्यात काढलेले असतात, वाटतं मधून जाईल बोट. अरुंद गाळा, मागून पाण्याचा दाब, बोट खांबाला आडवी लागली की संपलं. बंधारा दिसला की उतरा आणि बोट उचलून काठाने चाला. वरून येताना तो दिसतही नाही, नदी पुढे एकदम सरळ रेषेत संपल्यासारखी वाटते, तीच खूण.

येऊरकर :
काका, नमस्कार करतो तुम्हाला. हे छापून बोटीच्या शेडमध्ये लावण्यासारखं आहे.

मनीषा_ऐरोली :
काका, हे सगळं वाचून माझी भीती कमी झाली नाही पण निदान आता कशाची भीती वाटते ते कळलं. मुलाला वाचून दाखवलं, त्याच्या शाळेची सहल धबधब्याला जाते.

घोडबंदर_टॉवर :
सरावाचं काय करता ते सांगा. आमच्या सोसायटीत पूल आहे, एका शेजाऱ्याने रोलच्या सरावासाठी कयाक आणायची परवानगी मागितली तर कमिटीची मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली. एकाने विचारलं बोटीला पार्किंग चार्ज लावायचा का. शेवटी सोमवारी दुपारी, पूल रिकामा असताना, टाइल्सला ओरखडा आला तर भरपाई, या अटीवर मिळाली. आता सोमवारी अर्धी सोसायटी बाल्कनीतून बघते आणि तो वर आला की टाळ्या वाजवते.

सीवूड्स_सायकलवाली :
हाहा, टाळ्यांचा भाग फार आवडला. आमच्याकडे असता तर मीही आले असते बघायला.

पाचपाखाडी_पोस्ट :
ठाण्याच्या खाडीत नाही का करता येणार सराव? एवढं पाणी दारात आहे.

वल्हेकरी :
ओहोटी लागली की मांडीपर्यंत चिखल, पाणी सांडपाण्याचं, त्यात तोंड बुडवून रोल शिकायचा नाही. शिवाय खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, वनखात्याला विचारल्याशिवाय बोट घालू नये, पाखरांना त्रास होतो. रोल पूलमध्ये शिका आणि पाणी वाचायला कोलाडला जा. तिथला ग्रेड २-३ कमी समजू नका. दगडामागे जे संथ उलटं पाणी असतं, एडी, त्यात प्रत्येक वेळी हव्या त्या जागी बोट थांबवता आली तर तुम्ही तयार होताय असं समजा. अवघड ओढ्यात नदी एका दमात उतरायची नसतेच. या एडीतून त्या एडीत, थांबत, पुढचं बघत, दिसत नसेल तर उतरून काठाने चालत जाऊन बघत. आणि माणूस नोंदणी असलेला बघा. आपल्याकडे राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. विचारायला लाजू नका.

येऊरकर :
मंडळी, पंधरा दिवस धाग्यावर आलो नाही कारण वल्हेकरी दादांचा प्रश्न फार लागला होता. चौघंही कोलाडला जाऊन आलो, बोटी कमी आणि दोर जास्त असा बेत केला. आळीपाळीने एकाने पोहायचं आणि बाकीच्यांनी काठावरून दोर टाकायचा. जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या चौथ्याचा दोर दर वेळी माणसाच्या हातात! तो वर्षानुवर्षं सेंट्रल मैदानावर डीप मिडविकेटला उभा राहून थेट स्टंपात थ्रो मारणारा माणूस, आम्हाला हे आधी सुचलंच नाही. नुसता नेम नाही, डोकंही शांत. हाक मारतो, नजर मिळेपर्यंत थांबतो, मग टाकतो. आम्ही तिघं घाई करत होतो, आता आम्हालाही तोच शिकवतोय.

दगडाला बोट चिकटली तर काय करायचं तेही केलं. दगडापासून लांब झुकावंसं वाटतं आणि तेच करायचं नाही, दगडाला मिठी मारल्यासारखं त्याच्याकडे झुकायचं, नाहीतर वरच्या बाजूने पाणी बोटीवर चढतं आणि बोट दुमडते. खुणा ठरवल्या : वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे संकट, आणि हात दाखवायचा तो नेहमी जिकडे जायचं तिकडे, धोक्याकडे कधीच नाही.

चौथा_भिडू :
तो चौथा मीच. येऊरकरने लिंक पाठवली, सगळा धागा वाचला, इतक्या अनोळखी माणसांनी माझ्या खांद्याची आणि जिवाची काळजी केलीये, काय लिहू कळत नाही. सगळ्यांचे आभार, फिजिओताईंचे विशेष.

एक दुरुस्ती. माझा रोल उजव्या बाजूने बऱ्यापैकी बसतो, डाव्या बाजूने बसत नाही. गंगेत हे चालून जातं, बोट उलटी असतानाच बाजू बदलायला वेळ मिळतो. अरुंद पाण्यात उजवीकडे दगड असला तर वेळही नाही आणि जागाही नाही. पुढे वाकून करायचा सराव सुरू केलाय, सवय मोडायला वेळ लागतोय. सायकलवाली ताईंनी जे ओझं म्हटलंय ते खरं होतं. मला कोणी विचारत नव्हतं की तुला काय करायचंय, दोन्ही तट माझ्या वतीने भांडत होते.

तर मला काय करायचंय ते इथेच सांगतो. मला ते खोरं बघायचंय, तो पाऊस बघायचाय, आणि माझ्या मित्रांना ती उडी मारताना जवळून बघायचंय. गाईडशी फोनवर सविस्तर बोललो. पट्ट्याचा सुरुवातीचा भाग सोपा आहे, तो मी बोटीतून करणार. मधल्या दोन मोठ्या उड्या मी काठाने चालत जाणार आणि दोर घेऊन खाली उभा राहणार. खालचा भाग त्या दिवशीचं पाणी बघून ठरवणार, आणि ठरवणार मी, बाकी कोणी नाही. बोट उचलून चालणं यात मला जराही कमीपणा वाटत नाही, मोठमोठे कयाकर चालतात.

निवांत_कोपरी :
भिडू, वाचून फार बरं वाटलं. मी चौघं नाहीतर कोणीच नाही म्हणालो होतो, तुम्ही चौघंच जाताय की. फक्त एक विचारतो, खालचा भाग त्या दिवशी ठरवणार म्हणता, तेव्हा तिघं खाली बोटीत बसून वाट बघत असताना नाही म्हणणं जमेल? मला तरी अवघड वाटतं. आताच ठरवून टाका.

वल्हेकरी :
निवांतचा मुद्दा चांगला आहे, पण मी उलट म्हणेन. आता ठाण्यात बसून हो किंवा नाही ठरवायला पाणी दिसत नाहीये. त्यापेक्षा असं करा, त्या जागी प्रत्येकाने आपलं आपलं आधी मनात ठरवायचं आणि मग एकदम बोलायचं. आणि कोणीही नाही म्हणालं तर कारण विचारायचं नाही, तिघांपैकी कोणीही. आमच्यात हा नियम आहे, पक्के रोलवाले पण त्याचा फायदा घेतात.

चौथा_भिडू :
हे आवडलं. असंच करू.

फिजिओ_वाशी :
भिडू, डावी बाजू जमेपर्यंत डावीकडे हात लांब टाकून टेकायची सवय लावून घेऊ नका एवढंच. शुभेच्छा चौघांनाही.

सांडवा_काका :
हवामान खात्याचे कोझिकोड आणि वायनाड दोन्ही जिल्ह्यांचे इशारे बघत जा, पाणी वायनाडच्या बाजूच्या डोंगरातून येतं. ३० जुलै २०२४ ला तिकडे दरडी कोसळून काय झालं ते विसरू नका. ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशी नदीकडे फिरकायचंही नाही, तिकिटं काढलीत म्हणून तर मुळीच नाही.

येऊरकर :
काका, त्यासाठीच परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवलेत. पाणी उतरलं नाही तर कोझिकोडला बिर्याणी खाऊन परत येऊ. नेत्रावतीने जातोय, ठाण्यालाच चढायचं म्हणजे सोपं, कोपरखैरणेवाला पनवेलला चढेल. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असल्यामुळे गाडी हळू जाईल. बोटी गाईडच्याच घेणार, हेल्मेट, जॅकेट, स्कर्ट आणि दोर आपले.

पाचपाखाडी_पोस्ट :
दोर दोन न्या. एक भिडूचा आणि एक त्याने शिकवलेल्याचा. आणि आल्यावर फोटोंचा वेगळा धागा काढा, इथे आता मोबाईलवर खाली स्क्रोल करता करता अंगठा दुखायला लागलाय.

मनीषा_ऐरोली :
आणि संध्याकाळी पाण्यातून बाहेर आलात की इथे एक ओळ टाका, फोटो नंतर.